दहा गुणांचा प्रश्न

"ग्रीक राज्यचिंतनाचे आजच्या काळातील महत्त्व स्पष्ट करा."
एकतीस वर्षं मी हा प्रश्न काढला
नाशिकरोडच्या कॉलेजात, दर मार्चला, दहा गुणांसाठी.
एकतीस वर्षं उत्तर आलं:
महत्त्व अनन्यसाधारण आहे.
मीही सात द्यायचे. अक्षर बरं असलं तर साडेसात.

आता निवृत्त. पाथर्डी फाट्याला दुसरा मजला.
गॅलरीतून लेण्यांचा डोंगर दिसतो,
त्रिरश्मी, म्हणून सोसायटीही त्रिरश्मी.
किरण तीन, विंग दोन,
आणि दोघींचं एकमेकींशी
जिन्यावरचंसुद्धा बोलणं बंद.

रविवारी गच्चीवर सभा. कोरम नाही.
नियमानुसार अर्धा तास तहकूब.
अर्ध्या तासाने तेवढीच माणसं
त्याच खुर्च्यांवर
नियमानुसार पुरेशी झाली.
अठ्ठेचाळीस फ्लॅट, एकवीस खुर्च्या.
बाकीच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या वर ऐकू येत होत्या.
जो आपल्या उंबऱ्यापलीकडे बघत नाही
त्याला अथेन्समध्ये एक शब्द होता.
झिजत झिजत तो आपल्या पोरांच्या तोंडी आला: इडियट.
मी हे सभेत बोलले नाही.
पहिल्या मजल्यावर माझे व्याही राहतात.

तिथे वक्त्यासमोर भोकाचं मडकं ठेवत.
पाणी संपलं की बोलणं संपलं.
आमच्याकडे पाणी संपलं की बोलणं सुरू होतं:
टँकर कोणाच्या मेव्हण्याचा, पावत्या कुठायत,
बी विंगचा व्हॉल्व्ह रात्री कोणी फिरवला.
कुलथे अध्यक्षपदाला उभे,
म्हणून खैरनार उभे.

तेव्हा मी म्हटलं, चिठ्ठ्या टाकू.
"भिशीसारखं?"
हो, भिशीसारखं.
अडीच हजार वर्षांपूर्वी एका शहराने
बराचसा कारभार असाच चालवला.
निवडून येतो तो श्रीमंत, नाहीतर तोंडाळ;
चिठ्ठीला यातलं काही वाचता येत नाही.
शेवटी ऊन चढलं आणि कंटाळून सगळे हो म्हणाले.
लोकशाहीत कंटाळ्याचं स्थान,
यावर मी कधी प्रश्न काढला नव्हता.

डबा माझाच, लाडवांचा, तुपाचा वास न गेलेला.
तो धरून उभा राहिला बाळू खोटरे,
आमचा वॉचमन, पेठकडचा,
ज्याने सकाळी एकवीस खुर्च्या
जिन्याने वर आणल्या होत्या.
चिठ्ठी निघाली: सुलभा अहिरराव, बी-अकरा.
सातपूरला कॅन्टीनचा हिशोब बघतात.
म्हणाल्या, "मला भांडण येत नाही. बेरीज येते."
आणि फाईल मागून घेऊन
पावत्या वाचायला लागल्या, मोठ्याने, तारखेसकट.
सातव्या पावतीला कुलथे खाली बसले.
नवव्या पावतीला खैरनार.

जिंकल्यासारखं वाटलं. साडेसात गुण.

खुर्च्या मिटताना बाळूने विचारलं,
"म्याडम, त्या गावात वॉचमन व्हते का?"
होते, म्हटलं. लांबून विकत आणलेले.
सभेतली गर्दी आवरायचे.
"त्यांची चिठ्ठी?"
नव्हती. बायकांची नव्हती,
बाहेरून येऊन राहिलेल्यांचीही नव्हती.
"मंग आपल्यासारखंच," तो म्हणाला,
रागाने नाही, मोजता मोजता,
अठरा, एकोणीस.

समोरच्या डोंगरात एका लेण्यावर
एका यवनाचं नाव कोरलेलं आहे,
बापाच्या नावासकट, उत्तरेकडच्या गावासकट.
त्याने लेणं दिलं, पाण्याची टाकी दिली.
इथल्या कुठल्या सभेत त्याला कोणी बोलू दिलं का,
ते दगड सांगत नाही.
परका होता, हे सांगतो. पाणी दिलं, हेही.

घरी येऊन उरलेल्या कागदावर लिहिलं:
बाळू खोटरे. खोली, जिन्याखालची.
पाणी, बाहेरच्या नळाचं.
पुढच्या सभेच्या पत्रिकेत
हे कुठे बसवावं कळेना.
मग शेवटच्या ओळीत बसवलं,
जिथे दरवेळी छापलेलंच असतं:
मा. अध्यक्षांच्या परवानगीने
ऐनवेळी येणारे विषय.